मदत हवी आहे : रेटिनोब्लास्टोमाचे (लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगाचे) नवे रुग्ण आणि मृत्यू यांचा देशपातळीवरील कल कसा काढावा?

नमस्कार. मी नागपुरात संख्याशास्त्र शिकवते. माझ्या भाचीच्या बुबुळात फोटोमध्ये पांढरी चमक दिसत होती. ‘तिरळेपणा आहे, मोठी झाली की जाईल’ असे आधी सांगण्यात आले आणि निदान झाले तेव्हा डोळा काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. ती आज ठणठणीत आहे, पण अशी किती मुले वाचतात हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

दृष्टिपटलाचा हा कर्करोग साधारण १६ ते १८ हजार जन्मांमागे एका बालकाला होतो. श्रीमंत देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे मृत्युदर खरोखर घटतो आहे का, हे मला आकड्यांवरून तपासायचे आहे.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात नागपूरची लोकसंख्याधारित नोंदणीही (ठरावीक भागातील रहिवाशांमधल्या कर्करोगरुग्णांची नोंद) आहे. मात्र अवयवांनुसार केलेल्या तक्त्यांत ‘डोळा’ हा सी६९ संकेतांक (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला) एकत्र असतो, म्हणजे प्रौढांचा मेलॅनोमाही (रंगपेशींचा कर्करोग) त्यातच येतो. पाच वर्षांखालील मुलांच्या डोळ्याचे कर्करोग बहुतांशी रेटिनोब्लास्टोमाच असतात, म्हणून केवळ ० ते ४ हा वयोगट घेतला तर चालेल का? शिवाय वर्षाला ४० हजार जन्म धरले, तरी एका शहरात दोनच रुग्ण अपेक्षित आहेत. दोनाचे चार झाले म्हणून प्रमाण दुप्पट झाले असे म्हणता येणार नाही. पाच-पाच वर्षे एकत्र करून अनेक शहरांच्या नोंदी जोडणे मला योग्य वाटते.

खरी अडचण मृत्यूंची आहे. गाठ मेंदूपर्यंत पोहोचल्यावर मूल घरी दगावले, तर दाखल्यावर डोळ्याचा उल्लेख येईलच असे नाही. उपचार नागपुरात झाले तरी बालाघाट किंवा गडचिरोलीचे मूल नागपूरच्या लोकसंख्याधारित आकड्यांत धरले जात नाही, कारण तिथे रहिवास पाहिला जातो. त्यातच नोंदणी सुधारली की पूर्वी निसटणारे मृत्यू मोजले जाऊ लागतात आणि उपचार सुधारत असतानाही मृत्युदर वाढल्यासारखा दिसतो. त्यामुळे मृत्यू आणि नवे रुग्ण यांच्या गुणोत्तरावर विसंबावे, की प्रत्येक मुलाचा पाच वर्षे पाठपुरावा करून काढलेले जगण्याचे प्रमाणच ग्राह्य धरावे?

नोंदणीच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या कोणी, मृत्यूचे दाखले आणि रुग्णालयातील नोंदी कशा जुळवल्या जातात, हे कृपया सविस्तर सांगावे.