जुनी नळयोजना बदलायची, पण पैसा कोणाचा?

चर्चेचा विषय
छोट्या गावाची नळयोजना म्हातारी झाली की हा वाद पेटतोच. माझं मत: बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातूनच यावा. शहरात एका किलोमीटर पाइपवर शेकडो जोडण्या असतात, गावात मोजकी घरं. पंप, टाकी, क्लोरिन मात्र कुणालाच चुकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली पाणी हा मानवी हक्क मानला. मग त्याचा भार मूठभर घरांवर का?

प्रतिसाद १
नाही पटलं. वर्षानुवर्षं वीजबिल भागेल एवढीच पाणीपट्टी ठेवली, घसारा, म्हणजे पाइप-पंप दरवर्षी झिजतात त्याची किंमत, धरलाच नाही. आज अनुदान दिलं की पुढची पिढी पुन्हा हात पसरणार. कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज काढा. पाइप जे वापरतील, त्यांनीच हप्ते भरावेत.

धागाकर्ता
घसाऱ्याचं खरं आहे. पण स्वस्त पाणी वापरलेली बरीच माणसं गाव सोडून गेली. हप्ता ठरलेला, घरं घटणारी. उरलेल्या म्हाताऱ्यांनी किती उचलायचं?

प्रतिसाद २
आधी गळती मोजा हो! आम्ही रात्री दोन वाजता पंप बंद ठेवून टाकीत काठी सोडली, चार वाजता पुन्हा. गाव झोपलेलं, तरी पाणी वीतभर उतरलेलं. पुढच्या रात्री एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलो, तर बहुतेक गळती एकाच फाट्यावर निघाली. तेवढाच बदला की.

धागाकर्ता
मोजणी हवीच, आणि तुम्ही रात्री जागून केलीत याचं कौतुक. पण ठिगळं किती लावणार? ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपमधला चुना विरघळत जातो, पाइप आतून मऊ पडतो. एक जोड दुरुस्त करायला खणावं, तर शेजारचा तुकडा फुटतो. त्यात पाणी बंद केलं की दाब जातो आणि भेगांतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. तेच पहिलं पाणी लेकरं पितात.

प्रतिसाद १
मग अनुदानाला अट घाला. पाणीपट्टीतला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात, आणि गावाच्या ठरावाशिवाय त्याला हात लावायचा नाही.

धागाकर्ता
ही अट मला मान्य. फक्त माणशी रोज ५० लिटरपर्यंतचा दर गरिबाला झेपेल असा ठेवा, त्यापुढे चढता.

प्रतिसाद १
त्याला घरोघरी मीटर लागतील. त्यांचा खर्च आणि ते वाचणाऱ्या माणसाचा पगार आजच हिशेबात धरा.