मोरचूद लोखंडी पिपात भिजवलं, आतून लाल थर कशाचा?

पोफळीवाला:
आमच्याकडे पोफळीवरच्या कोळेरोगासाठी (बुरशीने सुपारी कुजते तो) पावसाच्या आधी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारतो, यंदा प्लॅस्टिकचं पीप फुटलं म्हणून १ किलो मोरचूद रात्री लोखंडी पिपात भिजत घातलं, सकाळी बघतो तर पाण्याचा निळा रंग फिका पडून हिरवट झालाय आणि पिपाला आतून लालसर थर, नखाने खरवडला तर निघतोय. गंज आहे का हा? चुना घालून वापरू का?

केमिस्ट्री_शिकवतो:
गंज नाही दादा, तांबं आहे ते! मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणजे इलेक्ट्रॉन लवकर सोडतं. पत्र्यातला लोखंडाचा अणू २ इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातो, पाण्यातलं तांबं तेच इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतं आणि पत्र्यावर बसतं. सल्फेट होतं तसंच राहतं. हिरवट रंग विरघळलेल्या लोखंडाचा. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकतो ना, तेच तुमच्या पिपात रात्रभर चाललं.
आणि हे पाणी वापरू नका. १ किलो मोरचुदात तांबं असतं साधारण २५० ग्रॅम, बुरशी मारतं ते हेच, आणि त्यातलं किती पिपाला चिकटलं ते आता कळणार नाही.

पोफळीवाला:
अरेरे. मग जस्ताची बादली चालेल का? घरात तांब्याचं जुनं घंगाळ पण आहे.

केमिस्ट्री_शिकवतो:
जस्ताची अजिबात नको, जस्त लोखंडापेक्षाही क्रियाशील, ते आधी विरघळेल. घंगाळात काही होणार नाही कारण तांबं तांब्याला बाहेर काढत नाही, पण मग ते अंघोळीला परत घेऊ नका. त्यापेक्षा प्लॅस्टिक आणा.

बागायतदार:
लोखंडावर तांबं बसतं ही गोष्ट बोर्डो तपासायला उपयोगाची पण आहे. १ किलो मोरचूद ५० लिटरात, १ किलो कळीचा चुना ५० लिटरात, दोन्ही एकदम तिसऱ्या पिपात ओतायचं आणि ढवळून घासलेला कोयता थोडा वेळ बुडवायचा. पातं तांबूस झालं तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील, चुन्याची निवळी अजून घाला. चुना पुरला की तांबं विरघळलेलं राहत नाही, मग कोयत्यावर बसणार काय?

पोफळीवाला:
आज प्लॅस्टिकमध्ये केलं. पहिल्यांदा पातं लाल झालं, दोन लोटे निवळी घातल्यावर स्वच्छ निघालं. आता लगेच फवारतो.