मदत हवी आहे: आप्पांसाठी लाकूडकामाचा बेंच. उंची किती ठेवू, जुने सागाचे सर (छताच्या तुळया) वापरू का?

रामराम मंडळी,

मी जळगावला नोकरीला आहे. गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. माझे वडील, आप्पा, सुतार आहेत. वय ७२. सोळाव्या वर्षापासून जमिनीवर बसूनच काम केलं. वखराचं खोड, रुमणं, तिफणीचं चाडं (बी सोडायची लाकडी वाटी), दारं, चौकटी, चौरंग, पोळपाट, सगळं. लाकूड धरायला त्यांचे पायच पुरायचे. चाडं कोरताना मी समोर बसून बघायचो. दोन्ही तळव्यांत लाकडाचा गोळा घट्ट धरलेला असायचा, पटाशीचे चार-पाच घाव झाले की पायाच्या अंगठ्याने तो जरासा पुढे सरकवायचे. हात थांबायचाच नाही.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास गुडघे फारच धरले. डॉक्टरांनी मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून वाकस, रंधे, पटाश्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहेत आणि आप्पा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतात. मला ते बघवत नाही. उभं राहून काम करता आलं तर त्यांचे हात पुन्हा चालू होतील, असं वाटून मी मे महिन्यात एक बेंच केला. तो फसला. का फसला ते सविस्तर सांगतो, कारण पुन्हा तेच करायचं नाही.

वेल्डरकडून अँगलचा सांगाडा करून घेतला. वखारीतून कडुनिंबाच्या सहा इंची चार फळ्या आणल्या, दोन दोन इंच जाडीच्या. फेविकॉलने एकमेकींना चिकटवल्या आणि कडेने अँगलला नट-बोल्टने आवळून टाकल्या. एकूण रुंदी दोन फूट. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, हवेत ओल म्हणून नसते. तेव्हा टेबल आरशासारखं सपाट होतं. श्रावणात गेलो तर मधोमध उचललेलं, माशाच्या पाठीसारखं. पट्टी आडवी ठेवून मोजलं, मध्ये साडेतीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुगवटा. एक बोल्ट लाकडात रुतून वाकला होता. शिवाय रंधा मारला की सांगाडा पुढे-मागे डुलायचा. उंची ३४ इंच ठेवली होती, एका व्हिडिओत बघून. आप्पा ५ फूट ४ इंच. खांदे वर उचलून रंधा मारावा लागायचा. दोन दिवस त्यांनी माझं मन राखायला करून बघितलं, मग म्हणाले, "मना पाय लाकूड धरतस, हाई टेबल काय धरी?"

आता नव्याने करायचं आहे, येत्या उन्हाळ्याच्या आत. हाताशी काय आहे ते सांगतो. आमचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हाचे सागाचे दोन सर गोठ्यात पडून आहेत. प्रत्येकी नऊ फूट, ७ इंच रुंद, साडेपाच इंच जाड. आजोबांच्या वेळचे, म्हणजे साठ-सत्तर वर्षं तरी वाळलेले. कड्या बसवायच्या खाचा जागोजागी आहेत, खिळेही आहेत. यातला एक सर चिरून फळ्या काढाव्यात म्हणून मी सॉ मिलवर घेऊन गेलो. दिसले तेवढे खिळे काढले होते. आत एक राहिला आणि करवतीचा पट्टा तुटला. मालकांनी पट्ट्याचे पैसे घेतले, ते बरोबरच होतं, पण दुसऱ्या सराला हात लावायला ते तयार नाहीत. नशिबाने चिरणी टोकालाच थांबली, सर शाबूत आहे. शेतातली एक बाभूळ गेल्या वर्षी पडली, तिचा बुंधाही आहे.

उंची किती हवी हा पहिला प्रश्न. रंधा मारायला खाली, पटाशीच्या बारीक कामाला वर, असं सगळे सांगतात. मग एकाच बेंचवर दोन्ही कसं जमवायचं? सर चिरायचे कसे? बाभळीचे पाय चालतील का? लोखंडी व्हाइस (लाकूड आवळून धरायचा शिकंजा) विकत घेऊ की लाकडी स्क्रूचा करून घेऊ? आणि हो, आप्पा डावरे आहेत. जे जे नकाशे बघितले ते सगळे उजव्या हाताचे आहेत. बेंचवर दारं-चौकटींचं काम, औताची दुरुस्ती आणि अधूनमधून मी ड्रिल वगैरे घेऊन काही करायचं म्हटलं तर तेही व्हायला हवं.

प्रतिसाद १ (धुळ्याहून)

दादा, आधी फुगवट्याचं. लाकूड लांबीत वाढत नाही म्हटलं तरी चालेल, रुंदीत वाढतं. तुमच्या फळ्या दमट हवेत रुंदीला वाढल्या, दोन्ही कडा बोल्टने बांधलेल्या, मग त्या वर उचलल्या नाहीत तर जातील कुठे? अँगलला गोल भोकाऐवजी आडवी लांबट भोकं पाडून वायसर लावला असता तर बोल्ट सरकला असता. एक कडा पक्की, दुसरी मोकळी. तो सांगाडा टाकू नका, एवढा बदल करून त्याच फळ्या रंधून परत बसवा, तुम्हाला ड्रिलच्या कामाला टेबल होईल. फक्त रंधायचं ते पावसाळा संपून दोन महिने गेल्यावर.

सर मात्र चिरू नका, हात जोडून सांगतो. असं लाकूड आता वखारीत मिळत नाही. दोन्ही सर शेजारी शेजारी ठेवा, मध्ये पावणेदोन-दोन इंचाची फट सोडा. झाला बेंच. प्रत्येक सर आपापला फुगेल, फटीत जागा आहे, कोणी कोणाला ढकलणार नाही. साग तसाही कमी हलतो. सात फुटांवर कापलात तर एकेक सर ३४ किलोच्या आसपास भरेल. वजन हीच बेंचची ताकद, सांगाडा डुलायचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

खिळ्यांसाठी जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधा आणि सरावरून अंगुळभर वरून हळू फिरवा. खिळा असेल तिथे दोरा तिरका होतो. फार खोल गेलेला कळत नाही, पण रंध्याच्या पात्याला लागेल असा एकही सुटत नाही. खडूने खूण करत चला.

प्रतिसाद २ (नाशिक, मूळ गाव चोपडा)

माझं म्हणणं वेगळं आहे. आप्पांना उभं का करताय? छप्पन्न वर्षं बसून काम केलेल्या माणसाची कंबर, खांदे, नजर सगळं बसून बसलेलं आहे. डॉक्टरांनी मांडी बंद केली, खुर्ची नाही. तर बेंच खुर्चीच्या उंचीचा करा.

हे मी मनाने सांगत नाही. रोमन लोकांचे बेंच असेच असत, गुडघ्याएवढे. जर्मनीत साल्बुर्ग नावाचा रोमन किल्ला आहे, तिथल्या विहिरीत असा बेंच मिळाला, जवळजवळ १८०० वर्षांपूर्वीचा. जाड फळी, चार आखूड पाय, फळीला भोकं. कारागीर त्यावर घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसतो, समोरच्या भोकांत खुंट्या ठोकतो आणि लाकूड खुंट्यांना टेकवून रंधा पुढे ढकलतो. लाकडावर मांडीचा, पायाचा दाब देता येतो. म्हणजे आप्पांचे पाय कामातून जात नाहीत, फक्त वाकत नाहीत.

उंची पुस्तकातून घेऊ नका. आप्पांना खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीला सपाट टेकू द्या, गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. तेवढीच.

दुसरं, आखूड पाय डुलत नाहीत. ३४ इंची पायाला जो झोका बसतो तो ११ इंची पायाला बसत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर.

आप्पांची घडी साडेसोळा इंच भरली. चपलेसकट सतरा. दोन्ही सर अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांवर शेजारी शेजारी ठेवले, मध्ये दोन इंचाची फट. आप्पांना काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, बसून बघा. बसले आणि लगेच उठले. रुंदी सोळा इंच होत होती, मांड्या ताणल्या जात होत्या. मी वाईट तोंड करून उभा. त्यांनी सराला पायाने ढोसलं आणि म्हणाले, याला उभा कर. म्हणजे साडेपाच इंचाची बाजू वर, सात इंच उभे. फट पावणेदोनची केली. एकूण रुंदी पावणेतेरा. पुन्हा बसले. या वेळी पाय दोन्हीकडे सहज उतरले.

मग त्यांनी आईला रंधा आणायला सांगितला. कड्यांच्या जुन्या खाचेत लाकडाचा एक तुकडा आडवा ठोकला, त्याला चौरंगाची फळी टेकवली, डावी मांडी फळीच्या मागच्या टोकावर ठेवली आणि रंधा मारला. पहिली साल तुटकी निघाली, पातं कित्येक महिने पडून गंजलेलं. पातं काढून दगडावर घासलं, अंगठ्याच्या नखावर धार बघितली, पुन्हा लावलं. तिसरी साल फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आली. ती त्यांनी उजेडाकडे धरून बघितली. "हाई जमी," एवढंच बोलले. आई दारातच उभी होती, ती आत गेली नाही.

तेव्हा उंची, सर आणि रुंदी ठरली. आता पाय आणि धरायचं सामान. सर उभे ठेवल्यामुळे जाडी सात इंच झाली आहे. एवढ्या जाडीत होल्डफास्ट (बेंचच्या भोकात ठोकून लाकूड दाबून धरायची वाकडी सळई) धरतो का? आणि दारं कशी धरायची? बसून सहा फुटी दार रंधता येणार नाही.

प्रतिसाद १

फार आनंद झाला वाचून.

सात इंचात होल्डफास्ट धरत नाही. तो भोकात तिरका होऊन अडकतो, भोक फार खोल असलं की तिरका व्हायला वावच राहत नाही. उपाय सोपा आहे. आधी खालून दीड इंची गिरमिटाने चार इंच आत या, मग त्याच भोकाच्या मधोमध सहा सुती भोक वरपर्यंत आरपार पाडा. वर तीन इंच लाकूड उरेल, तेवढं पुरेसं. गिरमिट सरळ जातंय ना ते बघायला बाजूला गुण्या उभा ठेवा.

होल्डफास्ट विकत घेऊ नका. लोहाराकडे १८ मिलिमीटरची साधी गोल सळई द्या. छत्रीच्या मुठीसारखी वाकवायला सांगा, पण गोल नाही, थोडी पसरट, आणि टोक चपटं करून घ्या. दांडा फूटभर. गज देऊ नका, त्याच्या धारा भोक खातात. वरून हातोडीचा एक ठोका दिला की धरतो, मागून ठोकला की सुटतो. सुरुवातीला घसरला तर दांड्यावर जाड पॉलिश पेपर आडवा फिरवा. टोकाखाली चामड्याचा तुकडा ठेवा म्हणजे लाकडावर वळ उठत नाही.

दारासाठी तुमच्याकडे फट आहेच! सव्वा इंची दार लांब कडेवर फटीत उभं सोडा आणि उरलेल्या अर्ध्या इंचात दोन पाचरी समोरासमोरून ठोका. व्हाइस लागणारच नाही. पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या खाली, जमिनीपासून चार बोटांवर ठेवा, दार त्यांच्यावर टेकेल आणि वरची कड कमरेएवढी येईल. ते काम तुम्ही उभ्याने करा, आप्पा बसून सांगतील.

प्रतिसाद ३ (शहाद्याहून)

बाभळीचा बुंधा एका वर्षात वाळत नाही. इंचाला वर्ष धरतात, तीन इंची पायाला तीन वर्षं. ओले पाय ठोकलेत तर वाळून कुसू (पायाचं सरात बसणारं टोक) बारीक होईल आणि पाय ढिले पडतील. गावात कोणाच्या मोडक्या बैलगाडीच्या दांड्या असतील तर त्या मागा, चांगल्या मुरलेल्या असतात. कुसू चार इंच लांब ठेवा, डोक्यात चीर देऊन पाचर घाला. पाचर सराच्या रेषेला आडवी बसली पाहिजे, रेषेबरोबर बसवली तर सरच फाकेल. बाभूळ चिरून, टोकांना रंग फासून सावलीत रचून ठेवा, पुढे रंध्याच्या ठोकळ्यांना उपयोगी पडेल.

धागाकर्ता

दांड्या मिळाल्या, शेजारच्या काकांनी पैसे घेतले नाहीत. मोडकी तिफण दुरुस्त करून द्या म्हणाले. लोहाराकडे दोन होल्डफास्ट टाकले आहेत. माझ्या उभ्याच्या कामासाठी चौदा इंच उंचीचं एक खोकं करून ते होल्डफास्टने बेंचवरच आवळायचं ठरवलं आहे, म्हणजे एकतीस इंच होईल.

आप्पांनी काल फोनवर सांगितलं की भोकांच्या जागा त्यांनी खडूने मारून ठेवल्या आहेत, सहा फुल्या, त्यांच्या डाव्या हाताच्या हिशेबाने. त्यातल्या दोन फुल्या खालच्या कुसवाच्या बरोबर वर येतात. तिथे भोक पाडलं तर कुसू कापला जाईल. भोक तीन इंच पुढे घेऊ की पाय मागे सरकवू? येत्या रविवारी गिरमिट लावायचं आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.