दापोलीत डॉल्फिन : बोट किती वाजताची घ्यावी? आणि पोहता येतं का?

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दापोलीला चाललोय, मुरुड-कर्दे बाजूला. सोबत आई आणि दोन मुलं, ८ आणि ११ वर्षांची. धाकटीने कुठलातरी व्हिडिओ बघितलाय आणि आता तिला डॉल्फिनबरोबर पोहायचंच आहे. कोकणात असं कुठे होतं का? शिवाय आईला बोट लागते, तर काय करू?

किनारेकर : सकाळची पहिली बोट घ्या, सातच्या आसपास. तेव्हा वारा पडलेला असतो, पाणी सपाट, पाठ वर आली की लगेच दिसते. उन्हं चढल्यावर वारा सुटतो, मग लाटांत काही कळत नाही आणि आईंनाही त्रास होईल. त्यांना रिकाम्या पोटी नेऊ नका. मुलांना लाइफ जॅकेट घालूनच बोटीत चढवा, आत गेल्यावर बघू असं नको.

मृद्गंध : दादा, पोहायचं मात्र मनातून काढाच. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, बुजरे असतात आणि पाणी इतकं गढूळ की उडी मारलीत तरी हातभर पलीकडचं दिसणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. हवाईत स्पिनर डॉल्फिन रात्रभर शिकार करून दिवसा किनाऱ्यालगत विसावतात, तिथे लोक पोहायला जाऊन जाऊन त्यांची झोपमोड व्हायला लागली, म्हणून २०२१ पासून ५० यार्डांच्या आत जायलाच बंदी केली. लेकीला हे सांगा, मुलांना पटतं.

सागरिका : मागच्या वर्षी आमच्या बोटवाल्याने डॉल्फिन दिसताच बोट जोरात त्यांच्या मागे घातली, अजून चार बोटी आल्या, आणि त्यात एक पिल्लू होतं आईला चिकटून. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटवाल्याला निघायच्या आधीच सांगितलं, काका, पाठलाग नको, लांबच थांबा आणि इंजिन बंद करा, नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ. दहा मिनिटं नुसती शांतता. मग फुस्स करून श्वासाचा आवाज आला, बोटीपासून थोड्या अंतरावर राखाडी पाठ, त्यावरचा उंचवटा आणि छोटासा पर, पुन्हा खाली. माझा मुलगा श्वास रोखून बसला होता.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. सातची बोट, आईला आधी चहा-बिस्किटं, आणि सागरिकाताई, तुमचं वाक्य बोटवाल्याला जसंच्या तसं सांगणार. धाकटी थोडी रुसली, पण पिल्लाचं वाचून दाखवल्यावर म्हणाली, मग आपण पण इंजिन बंद करायला सांगू.