मदत हवी आहे: जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल टाकू का? अर्जंट

ओझरकर:
गाडी जुनी आहे, पहिल्यापासून साधं मिनरल इंजिन ऑइलच टाकतोय. घरात सिंथेटिकचा, म्हणजे खास प्रक्रियेने बनवलेल्या ऑइलचा, न फोडलेला कॅन आहे, तोच टाकू का? गॅरेजवाला म्हणतो जुन्या इंजिनाला लिकेज सुरू होतं. उद्या ड्युटीच्या आधी बदलायचंय, हो की नाही तेवढं पटकन सांगा.

सातपूरवाला:
कुठली गाडी, पेट्रोल की डिझेल, कॅनवर ग्रेड (ऑइल किती पातळ-जाड तो आकडा) काय? त्याशिवाय कसं सांगणार?

गोदाकाठ:
आमच्या जुन्या मारुती आठशेला सिंथेटिक टाकलं आणि इंजिनावरच्या झाकणापाशी (टॅपेट कव्हर) ओलं दिसायला लागलं. गॅरेजवाल्याचं ऐका, मिनरलच टाका.

सातपूरवाला:
@गोदाकाठ दादा, ते पॅकिंग आधीच कडक झालेलं असणार. सुरुवातीच्या सिंथेटिकने रबरी सील आकसायचे, तिथून ही भीती बसली, आता तसं राहिलं नाही. हां, साचलेला गाळ सुटतो आणि गाळाने बुजलेली फट उघडी पडते, हे खरं.

गोदाकाठ:
म्हणजे गळतंच ना शेवटी! मी तेच सांगतोय.

निफाडचा_शेतकरी:
आमच्या ट्रॅक्टरला १५डब्ल्यू-४०, थंडीत पण पहिल्या सेल्फला चालू. सिंथेटिकची काही गरज नाही बघा.

ओझरकर:
अहो कार नाही, स्प्लेंडर आहे, २००६ ची. रोज ओझर ते अंबड. धूर नाही, लिकेज नाही. कॅन भावाच्या कारचा, ५डब्ल्यू-३०.

सातपूरवाला:
मग तो कॅन फोडू नका!! बाइकमध्ये क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ५डब्ल्यू-३० मध्ये बहुतेक वेळा घर्षण कमी करणारं केमिकल असतं, त्याने क्लच स्लिप होऊ शकतो, चढाला नुसती रेस वाढते आणि गाडी ओढत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं अशी खूण) पाहिजेच. कंपनीचा ग्रेड १०डब्ल्यू-३०.

पंचवटी_रायडर:
मी कारचं टाकलंय बाइकला, काही होत नाही.

सातपूरवाला:
जाड २०डब्ल्यू-४० असेल, त्यात बहुतेक ते केमिकल नसतं. म्हणून ह्यांना तसा सल्ला नका देऊ, क्लच प्लेटांचा खर्च त्यांना पडेल.

नाशिकरोड_७:
ऑइल फिल्टर पण नवीन टाका.

सातपूरवाला:
स्प्लेंडरला कारसारखा कागदी फिल्टर नसतो हो, जाळी असते, ती साफ करून घ्या.

ओझरकर:
मग बाइकचं सिंथेटिक टाकू की नको, ते सांगा.

सातपूरवाला:
टाकलं तर चालेल, लिकेज नाहीये तुमचं. पण तुमच्या रनिंगला १०डब्ल्यू-३० मिनरल वेळेवर बदललं तरी पुरतं, लिटरभर पण लागत नाही. लेव्हल बघताना गाडी मेन स्टँडवर घ्या आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) आटे न फिरवता नुसती टेकवून बघा, आवळून बघितली तर रीडिंग चुकतं.

ओझरकर:
नाशिकला द्वारका चौकात आत्ता स्पेअरचं दुकान उघडं असेल का?

पंचवटी_रायडर:
कशाला तिथवर जाता, पेट्रोल पंपावर फोर टी (फोर-स्ट्रोक बाइकचं) ऑइल मिळतं, एमए लिहिलेलं बघून घ्या.