सक्तीचा परवाना देता येतो, मग औषध पोहोचत का नाही?

तळटीप:
पेटंट आणि सार्वजनिक आरोग्य यांबद्दलचा जागतिक व्यापार संघटनेचा डोहा जाहीरनामा नोव्हेंबर 2001 चा. पेटंटचं औषध परवडत नसेल तर सरकारने पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवायचा सक्तीचा परवाना दुसऱ्या कंपनीला द्यावा, ही सोय संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारातच आहे. तरीही ज्या देशात औषधाचा एकही कारखाना नाही, तिथे तिचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. नेमकं घोडं कुठे अडतं? आणि आणीबाणी जाहीर केल्याशिवाय परवाना देता येत नाही, हे खरं का?

काटेकोर:
आधी दुसरा प्रश्न, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. आणीबाणीची अट नाही. ट्रिप्सच्या कलम 31 प्रमाणे आधी पेटंटधारकाकडे रास्त अटींवर परवाना मागायचा, ठरावीक काळ वाट पाहायची आणि नकार आला तर सक्तीचा परवाना द्यायचा. आणीबाणी असेल किंवा औषध सरकारी, बिगर-व्यापारी वापरासाठी असेल तर ही वाटाघाटीची पायरी गाळता येते, एवढाच फरक. परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा हे ज्या त्या देशाने ठरवायचं, हे डोहा जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मोबदला मात्र कधीच चुकत नाही.

भारताने मार्च 2012 मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी परवाना दिला, तेव्हा कसलीही आणीबाणी नव्हती. महिन्याच्या 120 गोळ्या 2,80,428 रुपयांवरून 8,880 रुपयांवर आल्या. पेटंटधारकाला विक्रीच्या 6 टक्के रॉयल्टी ठरली, पुढे ती 7 टक्के झाली.

आता अडतं कुठे ते. अशा परवान्याखालचं उत्पादन 'प्रामुख्याने देशांतर्गत बाजारासाठी' हवं, असं कलम 31 मध्येच आहे. म्हणजे कारखाना असलेल्या देशाला बहुतेक माल बाहेर पाठवता येत नाही आणि कारखाना नसलेल्याला परवाना देऊन काही मिळत नाही. यावर 30 ऑगस्ट 2003 ला तोडगा निघाला: कारखाना नसलेल्या देशाने गरज कळवायची आणि दुसऱ्या देशाने खास निर्यातीसाठी परवाना द्यायचा. तोच 23 जानेवारी 2017 पासून कलम '31 बिस' म्हणून करारात आहे.

या तोडग्याने औषध पोहोचल्याचं उदाहरण एकच, रवांडाचं. जुलै 2007 मध्ये रवांडाने व्यापार संघटनेला कळवलं की एचआयव्हीच्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीची 2,60,000 पाकिटं दोन वर्षांत हवीत. पाकिटात 60 गोळ्या, म्हणजे एकूण 1 कोटी 56 लाख. कॅनडाने आपल्या कंपनीला परवाना दिला, तो तेवढ्याच गोळ्यांसाठी आणि दोनच वर्षांसाठी. माल दुसरीकडे वळू नये म्हणून गोळी नेहमीच्या निळ्याऐवजी पांढरी करायची, तिच्यावर 'एक्ससीएल' हा ठसा, पाकिटावर वेगळा क्रमांक, शिवाय पाठवणीचा तपशील संकेतस्थळावर. पहिली खेप निघाली सप्टेंबर 2008 मध्ये.

रचनेतला दोष इथेच दिसतो. प्रत्येक देश, प्रत्येक औषध, प्रत्येक मागणी सुटी. मागणी वाढली की कागदपत्रं पहिल्यापासून. जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेलं तेच औषध, स्वस्त होतं ते मोठ्या प्रमाणावर बनवल्यामुळे, आणि हा नियम नेमकं तेच होऊ देत नाही. त्या कंपनीने पुन्हा हा मार्ग धरला नाही यात नवल नाही. बोलिव्हियाने 2021 मध्ये कोविड लसीसाठी कळवलं होतं, या मार्गाने लस मिळाली नाही.

रेघोटी:
वरचं सगळं पेटंटबद्दल झालं. दुसरं कुलूप औषध नियंत्रकाच्या दारावर असतं आणि त्याकडे लक्ष जात नाही.

जेनेरिक कंपनी रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या पुन्हा करत नाही. थोड्या निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तातलं औषधाचं प्रमाण सारखं येतं, एवढं दाखवते. सुरक्षितता आणि गुण यांसाठी नियंत्रक मूळ कंपनीने दिलेल्या माहितीवर विसंबतो. ट्रिप्सचं कलम 39.3 ती माहिती 'अनुचित व्यापारी वापरापासून' जपायला सांगतं, पण किती वर्षं ते सांगत नाही. अमेरिकेशी झालेल्या अनेक द्विपक्षीय व्यापार करारांत मात्र किमान पाच वर्षं नियंत्रकाने त्या माहितीवर विसंबायचंच नाही, असं कलम घातलेलं असतं. मग सक्तीचा परवाना हातात असूनही नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय विक्री नाही. औषधाला त्या देशात पेटंटच नसेल तरी हेच. चाचण्या पुन्हा करा म्हणणं सोपं आहे, पण गुणकारी ठरलेलं औषध अर्ध्या रुग्णांना मुद्दाम न देणं नैतिकतेत बसत नाही.

म्हणून कुठल्याही देशाचा व्यापार करार वाचताना पेटंटच्या प्रकरणावर थांबू नका. नोंदणीच्या माहितीबद्दलचं कलम शोधा आणि सक्तीच्या परवान्याला त्यातून सूट दिली आहे का ते पाहा. ते एक वाक्य नसेल तर परवाना कागदावरच राहतो.

तळटीप:
दोघांचे आभार. पण सर्वांत कमी विकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून 2033 पर्यंत सूट आहे ना? त्यांना तरी हे लागू नसावं.

पिंपळपान:
सूट 1 जानेवारी 2033 पर्यंत आहे, किंवा देश त्या गटातून बाहेर पडेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते. पण ती आपोआप चालत नाही. देशाच्या स्वतःच्या कायद्यात पेटंट असेल तर तिथलं न्यायालय तोच कायदा लावणार. आफ्रिकेत ओएपीआय या एकाच कार्यालयाने दिलेलं पेटंट 17 सदस्य देशांत एकदम लागू होतं, आणि त्यांतले बरेच या गटातलेच आहेत.

शिवाय माल कुठून येणार? बहुधा भारतातून. म्हणजे पुरवठादाराच्या देशातलं पेटंटही बघावं लागतं. आणि एका औषधावर एकच पेटंट असतं असं समजू नका. मूळ रेणूचं वेगळं, क्षाराचं वेगळं, गोळीच्या घडणीचं आणखी वेगळं. बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाचं मूळ पेटंट भारतात 18 जुलै 2023 ला संपलं. त्याच्या फ्युमरेट क्षारावरचा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मार्च 2023 मध्ये तो फेटाळला गेला, म्हणून जेनेरिक उत्पादकांना वाट मोकळी झाली. त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रिया होत्या.

अशा वेळी मुदत हातची जाऊ देऊ नका. भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणीही विरोध नोंदवू शकतं. एकदा पेटंट मिळालं की फक्त हितसंबंध असलेल्यालाच, तोही मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) चा, म्हणजे जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारण्याचा, मुद्दा घेणार असाल तर नव्या रूपाने उपचाराचा गुण वाढतो का, यावरच बोट ठेवा. नुसती विद्राव्यता किंवा टिकाऊपणा वाढला तर तेवढ्याने भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब या कर्करोगाच्या औषधाबद्दलच्या 1 एप्रिल 2013 च्या निकालात सांगितलेलं आहे.