‘बिनशर्त स्थिर’ म्हणावं का?

प्रश्न : मायक्रोवेव्ह सर्किटच्या सिम्युलेशनवर मराठीत लेख लिहितेय. टाइम डोमेनमधल्या, म्हणजे काळाच्या पावलापावलानं हिशेब करणाऱ्या, काही पद्धतींना ‘अनकंडिशनली स्टेबल’ म्हणतात. मी ‘अप्रतिबंधित स्थिर’ असं जुळवलंय, पण वाचताना अडखळायला होतं. दुसरं काही सुचतं का?

प्रतिसाद : ‘अप्रतिबंधित’ सोडाच. माफी बिनशर्त, पाठिंबा बिनशर्त, तसंच इथेही ‘बिनशर्त’ चपखल बसतं. कारण मुळात खरोखरच एक शर्त असते. यी यांनी १९६६मध्ये मांडलेल्या एफडीटीडी (फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन) पद्धतीत जागेचे छोटे घन पाडतात आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रं एकाआड एक, काळाच्या अर्ध्या-अर्ध्या पावलानं पुढे नेतात. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांची १९२८ची अट हे पाऊल किती लांब असावं ते ठरवते. घन ०.१ मिमीचे असतील तर पाऊल ०.१९ पिकोसेकंदाच्या आसपासच थांबतं. १० गिगाहर्ट्‌झचं एक आवर्तन १०० पिकोसेकंदांचं, म्हणजे प्रत्येक आवर्तनाला पाचशेहून जास्त पावलं! हवेत ही लहर ३० मिमी लांब असते, तिला इतकी बारीक जाळी लागतच नाही. लागते ती फिल्टरच्या, म्हणजे ठरावीक वारंवारताच पुढे जाऊ देणाऱ्या सर्किटच्या, दोन पट्ट्यांमधल्या बारीक फटीसाठी. १९९९-२०००च्या सुमारास आलेल्या एडीआय-एफडीटीडी या सुधारित पद्धतीनं ही शर्तच काढून टाकली.

माझी हरकत आहे ती ‘स्थिर’ला. ‘स्थिर विद्युत’ शाळेपासून डोक्यात बसलेली, तिथे स्थिर म्हणजे न हलणारं. मी फळ्यावर ‘स्थिर पद्धत’ लिहिलं तेव्हा एका विद्यार्थिनीनं लगेच विचारलं, “सर, लहर तर पळतेय, मग स्थिर काय?” बरोबरच होतं तिचं. पाऊल मर्यादेबाहेर गेलं की स्क्रीनवरचे आकडे दर पावलाला फुगत जातात आणि शेवटी आकडाच उरत नाही. आम्ही त्याला ‘आकडे उधळले’ म्हणतो, बैल उधळतो तसे. लेखात एकदा ‘बिनशर्त स्थिर’ द्या आणि पुढे ‘न उधळणारी पद्धत’ म्हणा.

प्रश्न : ‘उधळले’ फारच आवडलं! मग बिनशर्त म्हणजे पाऊल कितीही मोठं चालेल?

प्रतिसाद : नाही, आणि हे लेखात जरूर लिहा. आकडे उधळणार नाहीत, पण चुकतील. पाऊल वाढवलं की हिशेबातल्या लहरीचा वेग खऱ्यापेक्षा कमी होतो आणि फिल्टरची वारंवारता जागेवरून सरकते. म्हणून ‘स्थिर’च्या शेजारी ‘अचूक’ लिहू नका. ते वेगळ्या वाक्यात येऊ द्या.